पेन्शनवर आलेला माणूस

कोल्हापूर जिल्ह्यात फौजेत कुणीच नाही असं गाव शोधूनच काढावं लागेल. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं तर नावच सैनिक टाकळी. गडहिंग्लज, चंदगड, आजरा, भुदरगड, कागल या पट्ट्यातली पोरं मिसरूड फुटायच्या आत पहाटे डांबरी रस्त्यावर धावायला लागतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र शेजारी बेळगावला, प्रादेशिक सेनेची १०९ मराठा बटालियन खुद्द कोल्हापुरात, आणि घराच्या भिंतीवर काका-मामांचे गणवेशातले फोटो. भरती कसं व्हायचं हे इथं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. परत कसं यायचं, यावर मात्र कुणी फारसं बोलत नाही.

जवान निवृत्त होऊन येतो त्या दिवशी हल्ली गावागावांत त्याची मिरवणूक निघते. हलगी वाजते, फुलं उधळली जातात, बायका ओवाळतात. दुसऱ्या दिवसापासून त्याला गावात सगळे ‘मेजर’ म्हणतात, आणि त्याच दिवसापासून त्याची खरी अडचण सुरू होते. ती अडचण नेमकी कुठली, याबद्दल सैनिकांच्या घरांत दोन ठाम मतं ऐकू येतात. ती दोन मतं इथं दोन माणसांच्या तोंडी घातली आहेत. हा कुठल्या एका बैठकीचा वृत्तांत नाही, आणि दोन्ही माणसं प्रातिनिधिक आहेत. सुभेदार मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले आहेत आणि आता माजी सैनिकांच्या पेन्शनची, दाखल्यांची कामं मार्गी लावतात. वहिनी त्यांच्या थोरल्या भावाच्या पत्नी, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांचे पती हवालदार होते.

सुभेदार : वहिनी, मला विचाराल तर दोष बाहेरच्यांचा आहे. पोरगा अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती होतो. शिपाईच राहिला तर पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, हवालदार झाला तर पंचेचाळिशीच्या आतबाहेर. इतर नोकऱ्यांत त्या वयाला माणूस कुठं स्थिरस्थावर होतो. याची पोरं शाळेत, आईबाप थकलेले, घराचं बांधकाम अर्ध्यावर, आणि नेमकी तेव्हाच नोकरी संपते. देशात दरवर्षी पन्नास-साठ हजार जवान असे बाहेर पडतात. त्यांच्या हाताला आपण काय देतो? एटीएमच्या दारातली खुर्ची, नाहीतर कारखान्याच्या गेटवरची वही.

वहिनी : पेन्शन मिळते की, भाऊजी. १५ वर्षं भरली की पेन्शन. कँटीन आहे, २००३ पासून माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, म्हणजे ईसीएचएसचा, दवाखाना आहे. राज्याच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण, केंद्राच्या गट ‘क’मध्ये १० टक्के. माझ्या हाताखाली शिकलेली किती पोरं फाउंड्रीत भट्टीपुढं उभी आहेत, कितीजण दुसऱ्याच्या रानात ऊस तोडतात. त्यांना साठीनंतर कोण विचारतं? पैशाची ओढाताण खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण दुखण्याचं मूळ तिथं नाही. तुमच्या दादांना पेन्शन होती, वर बँकेत नोकरीही लागली. तरी पहिली काही वर्षं ते घरात असून नव्हते.

सुभेदार : नोकरी लागली म्हणजे काम मिळालं असं होत नाही, वहिनी. दादा मोर्टार प्लाटूनमध्ये होते. नकाशा वाचायचा, अंतर काढायचं, वाऱ्याचा हिशेब धरायचा, आणि चूक झाली तर आपलीच माणसं मरतील हे डोक्यात ठेवून हुकूम द्यायचा. हाताखालच्या पोरांपैकी कुणाच्या पायाला फोड आलेत, कुणाच्या घरून वाईट बातमी आलीय, हे सगळं त्यांना ठाऊक असायचं. त्याच माणसाला बंदूक देऊन दारात उभं केलं आणि सांगितलं, आठ तास इथून हलू नका. कागदावर सोय आहे. दहावी झालेल्या जवानाला १५ वर्षांच्या सेवेवर पदवीच्या तोडीचं प्रमाणपत्र मिळतं, गट ‘क’च्या जागांना ते चालतं. पण तो कागद घेऊन एखाद्या खासगी कारखान्यात गेलं की साहेब पहिला प्रश्न विचारतो, कुठल्या कॉलेजचं? सिग्नलमधला पोरगा असो, लष्कराची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमईचा मेकॅनिक असो, नाहीतर रसद सांभाळणारा हवालदार असो, त्याला काय येतं हे मालकाला कळेल अशा शब्दांत लिहून देणारं कुणी नाही. कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात १९६१ साली निवृत्त झाले आणि पुढं महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. योग्यच झालं, त्या तोलाचा माणूस होता तो. पण जनरलच्या अनुभवाचं मोल ज्या राज्याला कळलं, त्याला हवालदाराच्या अनुभवाचं मोल का कळू नये?

वहिनी : हे मान्य. पण तुम्ही गेटवरचा माणूस बघता, मी उंबऱ्याच्या आतला बघितलाय. वर्षाला ६० दिवसांची मोठी रजा, शिवाय थोडी किरकोळ. फील्डला पोस्टिंग असलं की कुटुंब नेता येत नाही. म्हणजे लग्नानंतरची निम्म्याहून जास्त वर्षं नवरा सुट्टीवरच भेटतो. सुट्टीवर आलेला माणूस पाहुणा असतो, भाऊजी. तो यायचा म्हणून घर सारवून-झाडून तयार. तांबडा-पांढरा होतो, बहिणी माहेरी येतात. पोरगा गणितात नापास झालाय ते त्याला कुणी सांगत नाही. सोसायटीचं कर्ज थकलंय ते सांगत नाही. सासऱ्यांच्या छातीत कळ येऊन गेली तेही सांगत नाही, कारण तो तिकडं बर्फात, उगीच जिवाला घोर कशाला? त्याला ठाऊक असलेलं घर हे सुट्टीतलं घर. पेन्शनवर आल्यावर त्याला पहिल्यांदा रोजचं घर दिसतं, आणि त्याला वाटतं की हे बिघडलंय. मग तो दुरुस्तीला निघतो. तिथं ठिणगी पडते.

सुभेदार : ‘दुरुस्तीला निघतो’ म्हणजे त्याला हुकूमत गाजवायची हौस असते, असं तुम्हाला वाटतं का?

वहिनी : तेव्हा तसंच वाटायचं. उसाची नोंद मी केली होती, डेअरीचं दहा दिवसांचं बिल मी आणत होते, मोटरीच्या वीजबिलासाठी कचेरीच्या पायऱ्या मी झिजवल्या होत्या. शाळा सांभाळून हे सगळं. ते आले आणि आठ दिवसांत सगळ्या वह्या मागितल्या. हिशेब तपासला, चुका काढल्या. एक शब्द कौतुकाचा नाही. थोरला सोळा वर्षांचा होता, तो वडिलांसमोर यायचाच बंद झाला. मला विचाराल तर फौजेतून आलेल्या माणसाचं पहिलं भांडण सरकारशी होत नाही. ज्या बाईनं इतकी वर्षं घर तोललं, तिच्याशी होतं. आणि त्यात ती गप्प बसते, कारण बाहेर सगळं गाव त्याला सलाम करत असतं.

सुभेदार : आता माझं ऐका. बूट जागेवर नाहीत म्हणून दादा ओरडत होते, बरोबर? नियंत्रण रेषेवरच्या चौकीत रात्री हात लावाल तिथं वस्तू सापडली नाही तर माणूस जातो. एकानं पट्टा नीट आवळला नाही तर सगळी सेक्शन उघडी पडते. वीस वर्षं हेच अंगात मुरवलेलं असतं. निष्काळजीपणा म्हणजे मरण, हे डोक्यातून जात नाही. घरात नळ उघडा राहिला, पोरगं सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास उशिरा आलं, की त्याच्या छातीत तोच धोका वाजतो. बाहेरून तुम्हाला राग दिसतो. आत भीती असते, वहिनी. आपल्या माणसांना काही होईल ही भीती.

वहिनी : हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही.

सुभेदार : सांगता आलं नसेल. आणि तुम्हीही विचारलं नसेल.

वहिनी : नाही विचारलं. वाटायचं, विचारलं तर आणखी चिडतील.

इथं दोघांच्या मधोमध एक गोष्ट ठेवायला हवी. आल्फ्रेड शुट्झ हे समाजशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सैन्यात लढले होते. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा, १९४५ साली, घरी परतणाऱ्या माणसावर त्यांनी एक निबंध लिहिला. परतणाऱ्याला वाटतं, आपण सोडून गेलो ते घर तसंच असेल. घरच्यांना वाटतं, गेला होता तोच माणूस परत आलाय. दोन्ही समजुती चुकीच्या असतात, कारण मधल्या काळात दोघंही वेगळ्या अनुभवांतून गेलेले असतात आणि ते अनुभव एकमेकांच्या वाट्याला आलेले नसतात. म्हणून, शुट्झ म्हणतात, परतणाऱ्याची तयारी करून घेण्याइतकीच त्याला घेणाऱ्या घराचीही तयारी करून घ्यायला हवी. सुभेदार आणि वहिनी, दोघांचंही म्हणणं या एका विचारात मावतं. वाद उरतो तो सुरुवात कुणी करायची, याचा.

सुभेदार : सुरुवात फौजेनं आणि सरकारनं करायला हवी. कारण ज्यानं माणूस घडवला त्याचीच ती जबाबदारी. खेड्यातलं पोरगं भरती झालं की त्याला केंद्रात घेतात. केस, कपडे, झोप, जेवण, चालणं, बोलणं, सगळं नव्यानं. महिनोन्‌महिने उस्ताद त्याच्यामागं असतात. त्याला शिपाई करायला अख्खी यंत्रणा राबते. आणि परत नागरिक करायला? पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम आहेत, पण ते कामधंद्याचे. बायकोशी, पोरांशी, भावाशी, तलाठ्याशी कसं वागायचं हे कोण शिकवतं? आमच्याकडं चंदगड-आजऱ्याला भाताचा तरवा उपटून दुसऱ्या वाफ्यात लावतात तेव्हा आधी चिखलणी करून जमीन मऊ करून घेतात. इथं रोप उपटायची तारीख ठरलेली असते, पण जमिनीची तयारी कुणी करत नाही. अमेरिकेत १९४४ साली, लढाई चालू असतानाच, परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा केला. सुमारे ७८ लाख माणसं त्या पैशावर शिकली, हुनर शिकली. आता तिथं सैन्यातून बाहेर पडण्याच्या किमान वर्षभर आधी तयारी सुरू करावी लागते.

वहिनी : आपल्याकडं कधी असं काही नव्हतं का? दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडायच्या आणि पावसाळ्याला मुलखात परतायच्या. नांगर धरणाराच हात तलवार धरायचा. दरवर्षी जाणं, दरवर्षी येणं. म्हणजे गावाला त्याची सवय असायची आणि त्याला गावाची.

सुभेदार : खरं आहे. बारमाही पलटणी आल्या आणि ती ये-जा तुटली. मग माणूस वीस-वीस वर्षं बाहेर. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या. कुतला जवळपास पाच महिने वेढ्यात अडकल्या, घोड्यांचं मांस खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि वाचलेले तुर्कांच्या कैदेत गेले. त्यातले जे जगले ते आपल्याच गावांत परत आले असतील. साताऱ्याकडच्या अपशिंग्यात त्या युद्धात पडलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. पडलेल्यांची नोंद झाली, व्हायलाच हवी होती. पण जिवंत परतले त्यांचं पुढं काय झालं? रात्री ते झोपले का? शेतात मन लागलं का? कुणी लिहून ठेवलेलं नाही.

वहिनी : म्हणूनच मी म्हणते, आता तरी बोला. हे रात्रीचं दुखणं मी जवळून बघितलंय. दिवाळीत फटाका वाजला की तुमच्या दादांचा हात थरथरायचा. मध्यरात्री उठून अंगणात फेऱ्या. आधी कँटीनची बाटली आठवड्याला, मग दोन दिवसांनी. ‘फौजी आहे, घेणारच’ म्हणून नातेवाईक हसायचे. डॉक्टरकडं चला म्हटलं तर म्हणायचे, मी काय वेडा आहे का?

सुभेदार : इथं मी तुम्हाला अडवतो. प्रत्येक माजी सैनिक मनानं आजारी आहे ही समजूत पसरायला नको. बहुतेकांना आजार नसतो. त्यांना परकं वाटत असतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पलटणीत शेजारच्या खाटेवरचा पोरगा आपल्यासाठी जीव देईल हे गृहीत असतं. इथं सख्खा भाऊ हातभर बांधासाठी कोर्टात उभा राहतो. या फरकानं माणूस खचतो, त्याला गोळ्या-औषधं काय करणार? वर एकदा ‘फौजी म्हणजे भडक डोक्याचा’ असा शिक्का बसला की आहे ती नोकरीसुद्धा जाते.

वहिनी : दोन प्रश्न वेगळे आहेत हे मला पटलं. पण शिक्क्याच्या भीतीनं खऱ्या आजाऱ्याला तसंच ठेवायचं का? १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरनं लढाईच्या धक्क्यानं आजारी पडलेल्या सैनिकांबद्दल ‘शेल शॉक’ म्हणून लिहिलं, आणि १९८० साली जाऊन मनोविकारांच्या अधिकृत यादीत आघातानंतरच्या या आजाराला जागा मिळाली. मधल्या पासष्ट वर्षांत किती घरांनी हे मुकाट सोसलं असेल? आता मनाच्या दुखण्यावर सल्ला देणाऱ्या सरकारी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिकांसाठी त्याचा वेगळा कक्ष २०२३ च्या डिसेंबरात सुरू झाला. पायाला गोळी लागली तर लंगडताना लाज वाटते का? मग याची का वाटावी?

सुभेदार : हा क्रमांक मी माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला लिहून देत जाईन. एवढं मान्य. आता बांधाचं बोलू. मी सांगतो ते रोज बघतोय म्हणून. जवान बाहेर असताना जमीन भाऊ कसतो. हा परत आला आणि वाटणी मागितली की हा खलनायक.

वहिनी : भावाच्या बाजूनंही बघा की. वीस वर्षं आईबापांचं दुखणं-खुपणं त्यानं काढलं, विहिरीचा गाळ त्यानं उपसला, पुरात जनावरं त्यानं वाचवली. फौजेतला भाऊ पैसे पाठवायचा, खरंय. पण पैसे पाठवणारा आणि घाम गाळणारा, दोघांनाही वाटतं घर मी उभं केलं. दोघंही खरं बोलत असतात.

सुभेदार : कायद्यानं सैनिकाचा विचार केलाय. १९२५ चा एक कायदा आहे, सैनिक मोहिमेवर असताना त्याच्या माघारी खटल्याचा निकाल लागू नये म्हणून. आपल्या कुळकायद्यातही सैनिकाच्या जमिनीसाठी वेगळ्या तरतुदी आहेत.

वहिनी : कायद्यानं त्याची जमीन राखली. भावाशी असलेलं नातं राखायला माणूसच लागतो. नोकरीत असतानाच, दरवर्षीच्या सुट्टीत, एक संध्याकाळ दोघा भावांनी सातबारा पुढं घेऊन बसावं. कुणी किती पैसे घातले, कुणी किती राबलं, आईबापांचं कुणी केलं, सगळं बोलून मोकळं व्हावं. निवृत्तीपर्यंत थांबलं की मग वकीलच बोलतात.

सुभेदार : आणि सरकारी कचेऱ्या? फौजेत सकाळी सहा म्हणजे पाच पंचावन्न. इथं फेरफाराच्या नोंदीसाठी हेलपाटे घालायचे, उद्या या, साहेब मीटिंगला गेलेत. माणसाचं डोकं फिरतं. दिलेला शब्द पाळायचा असतो हे ज्याच्या रक्तात आहे, त्यानं असल्या ढिलाईशी जुळवून घ्यायचं? मी म्हणतो, का घ्यायचं? बदलायचं असेल तर कचेरीनं बदलावं.

वहिनी : कचेरीनं बदलायलाच हवं, त्यासाठी भांडूच. पण तोवर काम तर करून घ्यायचंय. मी वीस वर्षं त्याच कचेऱ्यांतून कामं करून आणली. कधी गेलं की साहेब भेटतो, कुणाशी नरमाईनं बोलायचं, कुठं आवाज चढवायचा, कागद कुठला कमी पडणार, हे सगळं शिकले. हे कसब आहे, भाऊजी. तुम्ही नकाशा वाचायला शिकलात, आम्ही गाव वाचायला शिकलो. तुमचं कसब बाहेर कुणी ओळखत नाही म्हणून तुम्हाला वाईट वाटतं. मग घरातल्या बाईचं कसबही कुणीतरी ओळखायला हवं ना? पेन्शनवर आलेल्या माणसानं पहिल्या दिवशी वह्या मागण्याऐवजी बायकोला म्हणावं, तू हे कसं करतेस ते मला दाखव. निम्मी भांडणं तिथंच मिटतील.

सुभेदार : हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आणि बोलून दाखवतो, आमच्या घरातही असंच झालं. पण वहिनी, घरानं कितीही सांभाळून घेतलं तरी दिवसाचे बारा तास माणूस करणार काय? त्याला त्याच्या मापाचं काम हवंच.

वहिनी : ते काम गावातच आहे. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा पंचगंगा-कृष्णेनं शिरोळ-करवीरची गावंच्या गावं पाण्यात घातली. २०१९ ला लष्कर, नौदल, एनडीआरएफच्या बोटी बाहेरून याव्या लागल्या. त्या येईपर्यंतचे तास कुणाच्या भरवशावर? माणसं मोजायची, आजारी-बाळंतिणी आधी काढायच्या, दोर बांधायचे, अन्नाचा साठा लावायचा, घबराट होऊ द्यायची नाही. हे सगळं शिकलेली माणसं त्याच गावांत पेन्शनवर बसून आहेत. ग्रामपंचायतीनं त्यांना स्वातंत्र्यदिनाला झेंड्याजवळ उभं करायचं आणि नारळ द्यायचा, एवढ्यावर थांबू नये. गावाच्या आपत्ती समितीत त्यांना अधिकार द्यावा, मानधन द्यावं, पावसाळ्याआधी सराव घ्यायला लावावा.

सुभेदार : मानधन हवंच. फुकटची सेवा म्हटलं की लोक फुकटची किंमत करतात. आणि अधिकार लेखी हवा, नाहीतर पुढाऱ्याची बोट आधी सुटते. हे झालं तर मी स्वतः दहा गावं उभी करतो. पण मला आता जास्त काळजी आमच्यासारख्या पिकल्या लोकांची नाही. अग्निवीरांची आहे.

वहिनी : चार वर्षांची पोरं.

सुभेदार : होय. १४ जून २०२२ ला चार वर्षांच्या भरतीची ही योजना जाहीर झाली. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के पोरं कायम होणार, बाकीची घरी. हातात ११.७१ लाखांच्या आसपास सेवानिधी, पेन्शन नाही. पहिली तुकडी २०२३ च्या जानेवारीच्या सुमारास प्रशिक्षणाला लागली, म्हणजे तिची चार वर्षं २०२७ च्या तोंडावर भरतात. आमच्यामागं निदान पेन्शनचा आधार होता आणि ‘माजी सैनिक’ म्हणून दर्जा होता. ही पोरं बावीस-पंचवीस वर्षांची असतील. निवड न झालेल्याला गाव काय म्हणेल? ‘परत पाठवलं’ म्हणेल. त्यानं चार वर्षं चोख नोकरी केली असली तरी.

वहिनी : हे शब्द आधी आपण थांबवायचे. शाळेत पहिल्या दहात न आलेलं पोरगं नापास नसतं. पण एक फरक मला आशेचा वाटतो. या पोरांच्या घरात अजून बायको-मुलं नाहीत, रोजच्या संसाराची घडी बसायची आहे. त्यांचं वय शिकण्याचं आहे. चार वर्षांत ती बदलतात, पण घर त्यांना विसरलेलं नसतं. त्यांना हवी ती दिशा. त्या पैशाची मोटारसायकल आणि बहिणीच्या लग्नातला मांडव व्हायच्या आत कुणीतरी त्यांच्याशी आणि आईबापांशी बोलायला हवं. आयटीआय, पॉलिटेक्निक, विद्यापीठ, सगळं कोल्हापुरात आहे. त्यांच्या चार वर्षांची दखल घेऊन प्रवेश द्यायचा की नाही, हे इथल्या संस्थांनी आत्ताच ठरवावं.

सुभेदार : म्हणजे शेवटी तुम्हीही संस्थांकडं आलात.

वहिनी : आणि तुम्ही घराकडं. पण माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. सरकारनं उद्या सगळं दिलं तरी, घरात त्याला आणि त्याच्या बायकोला एकमेकांची वीस वर्षं समजली नाहीत, तर तो परका तो परकाच.

सुभेदार : माझंही मी सोडलेलं नाही. घरानं मायेनं सामावून घ्यावं आणि राज्यानं हात झटकावेत, हे मला मान्य नाही. माणूस देशानं वापरलाय. त्याला परत गावात बसवायचा खर्चही देशाचाच.

दोघांचा वाद इथं मिटत नाही, आणि मिटायची गरजही नाही. दोन्ही मागण्या एकाच वेळी खऱ्या आहेत. एकीचं निमित्त करून दुसरी टाळली जाते, हेच आजवर होत आलं आहे. सरकार म्हणतं, आम्ही पेन्शन दिली, ‘एक पद, एक पेन्शन’ दिली, पुढं तुमचं घर जाणे. घर म्हणतं, आम्ही कसंबसं निभावलं, पुढं सरकार बघेल. मध्ये चाळिशीतला एक धडधाकट, कष्टाळू, जबाबदारी घ्यायला शिकलेला माणूस उंबऱ्यावर उभा राहतो.

त्याला आत घ्यायचं काम निवृत्तीच्या आदल्या वर्षीच सुरू झालं पाहिजे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडं त्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांची यादी आधी यावी. कार्यालयाच्या माणसानं माजी सैनिकाला सोबत घेऊन त्या घरी जावं, आणि त्या बैठकीत जवानाच्या पत्नीला आधी बोलू द्यावं. बेळगावच्या केंद्रात शेवटच्या वर्षी जोडप्यांसाठी काही दिवसांचं शिबिर व्हावं. त्यात पैसा, जमीन, मुलं, झोप आणि दारू या पाचही गोष्टींवर उघड बोललं जावं. कारखानदारांच्या संघटनांनी फौजेतल्या कामांची यादी घेऊन बसावं आणि कुठल्या हवालदाराला कुठली जागा शोभेल हे ठरवावं. यातलं एकही काम अवघड नाही. जो जिल्हा दरवर्षी पोरांना भरतीसाठी तयार करतो, त्याच्याजवळ एवढी ताकद नक्की आहे. २०२७ मध्ये घरी येणाऱ्या पोरांसाठी कोल्हापूरनं ती आता लावावी, आणि देशाला दाखवावं की आपण सैनिक पाठवतो तसे परतही घेतो.